झाकणारे ठिपके

ठिपके म्हटले की आपल्याला रांगोळी आठवते. ते जोडायचे असतात. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या आदिवासींच्या चित्रांतले ठिपके मात्र, काही अंशी तरी, झाकण्यासाठी आले. हे कळल्यापासून ती चित्रं मी जरा बिचकतच पाहते.

पापुन्या ही त्याच वाळवंटातली, अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवरची वस्ती. १९७१ मध्ये तिथल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचं ड्रीमिंग रंगवलं. पूर्वज ज्या वाटांनी चालले आणि चालता चालता भूमी घडवत गेले, त्यांची ती कथा. शिवाय त्या भूमीवरचा हक्कही. जेफ्री बार्डन या शिक्षकानं त्यांना पाठबळ दिलं. पुढच्याच वर्षी चित्रकारांनी स्वतःच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ कंपनी काढली. फळ्यांवर काढलेल्या सुरुवातीच्या चित्रांत, फक्त दीक्षा झालेल्यांनीच पाहावं असं काही उघड्यावर आलं. इतर वस्त्यांतले लोक संतापले. मग ते झाकण्यासाठी ठिपके दाटत गेले.

भिंतीवरचं ते चित्र पुढं रंगाखाली पुसलं गेलं. शाळेच्या भिंतीच त्या!

याच मंडळींतले चित्रकार क्लिफर्ड पॉसम यांचं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र १९७७ चं. एका बँकेनं ते १,२०० डॉलरला घेतलं होतं. २००७ च्या लिलावात ते २४ लाखांना गेलं. तोवर चित्रकाराला जाऊन पाच वर्षं झाली होती. पुनर्विक्रीत चित्रकाराला ५ टक्के वाटा देणारा कायदा लागू झाला २०१० मध्ये.

या वस्त्यांतलं कला केंद्र म्हणजे दालन, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात तिथं कॅनव्हास ताणून देतात, रंग कालवतात, चित्रामागे क्रमांक घालतात, कथा किती सांगायची हे चित्रकाराला विचारूनच कागदावर उतरवतात आणि पैशांचा हिशेब ठेवतात. लबाड दलालांच्या मुलखात हा हिशेबच मोठा आधार.

पण मला राहून राहून आठवते ती याच वाळवंटातली किंटोर ही वस्ती. मूत्रपिंडं निकामी झालेल्या तिथल्या माणसांना डायलिसिससाठी पाचशेहून अधिक किलोमीटरवरच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागे. उपचार मिळत, भूमी सुटे. मग किंटोर आणि किविरकुरा या वस्त्यांतल्या बायका-पुरुषांनी मिळून चार मोठी चित्रं काढली. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या कलादालनात त्यांचा आणि इतर कामांचा लिलाव झाला. दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. २००४ मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झालं. आता यंत्राजवळची खुर्ची सोडली की माणूस थेट आपल्याच लाल मातीवर पाय टेकतो.