धारण तलाव

आळस आणि चालढकल यांना आपण एकाच मापाने मोजतो. वास्तविक आळशी माणूस स्वस्थ असतो. चालढकल करणारा न केलेल्या कामाचे ओझे दिवसभर वाहतो. विजेचे बिल, पत्राचे उत्तर, सकाळचा व्यायाम; काम अर्ध्या तासाचे, ओझे आठवड्याचे.

याविषयी मला अधिक शिकवले ते नवी मुंबईतल्या धारण तलावांनी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या सखल जमिनीवर हे शहर वसवले गेले. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी आत शिरू नये म्हणून झडपा मिटतात. तेव्हा पावसाचे पाणी या तलावांत थांबते आणि ओहोटीबरोबर वाहून जाते. हेही लांबणीवर टाकणेच. पण त्याला काही तासांची मुदत आहे. आपल्या 'उद्या'ला ती नसते.

याच तलावांतला गाळ काढणे मात्र वर्षानुवर्षे राहिले. गाळात खारफुटी उगवली. ती कायद्याने संरक्षित असल्याने आता गाळ उपसायलाही परवानग्या लागतात. राहिलेले काम असे मूळ धरते.

नेरूळच्या तलावाकाठी मी रोज चालतो, ते निश्चयाच्या बळावर नव्हे. बूट दाराशी ठेवलेले असतात आणि मनाशी करार केवळ कोपऱ्यापर्यंतचा असतो. पुढचे पाय ठरवतात. रामदासांनी दासबोधात यत्नावर स्वतंत्र समास लिहिला आहे. तो वाचताना मला हल्ली मोठ्या कार्यांआधी बुटांची नाडी आठवते.