आपल्या हातातली निवड

आज इलेक्टिव्हचा फॉर्म भरला. २०१९ मध्ये आलेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला प्रथमच हा थोडा काळ स्वतःच्या पसंतीने शिकायला दिला. त्याआधी कुठे, कधी उभं राहायचं हे वेळापत्रकच ठरवत असे.

वसतिगृहात सल्ला एकच मिळतो : जिथे लवकर सुट्टी होते तो विभाग घे आणि पीजीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कर. त्या परीक्षेची धास्ती मलाही आहे. पण मन मानत नाही. मी मेडिसिन आणि अपघात विभाग मागितला. आमच्याकडे पावसाळ्यात सर्पदंश येतात, फवारणीच्या दिवसांत विषबाधा. नेहमीच्या पोस्टिंगमध्ये रुग्ण सकाळी दिसतो आणि लेक्चरची वेळ झाली की सुटतो. अशा विषबाधेवरच्या अ‍ॅट्रोपिनचा डोस पाठ असणं वेगळं. तो दिल्यावर छातीतली घरघर कमी होते का, हे रात्रभर खाटेजवळ थांबून पाहणं वेगळं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवला, तो कोकणातल्या रुग्णांजवळ बसूनच. दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत एका माणसाची सोबत करायला मिळणं, हेच मला इलेक्टिव्हचं खरं मोल वाटतं.

पुढच्या वर्षी फॉर्म भरणाऱ्यांनो, सोय पाहून विभाग निवडू नका. जिथे रुग्णाजवळ थांबता येईल, तिथे नाव घाला.