एकबोटी, दोनबोटी

हवाईला गेलेला माणूस समुद्र बघतो. मी अळू बघून आलो.

लेकीने होनोलुलूच्या एका बागेत खाण्याच्या आणि गाण्याच्या जत्रेला नेलं. "बाबा, इथला खास पदार्थ!" म्हणत करड्या-जांभळ्या खळीची वाटी हातात दिली. नाव पोई. अळवाचा कंद शिजवायचा, कुटायचा, पाणी घालून सरबरीत करायचा. उचलायला किती बोटं लागतात त्यावरून त्याचा दाटपणा सांगतात : एकबोटी, दोनबोटी, तीनबोटी. मी पाचही घातली. सौ.ने मला ओळखत नसल्यासारखं केलं.

शेजारी लाउलाउ. अळवाच्या पानांत गुंडाळून वाफवलेलं. "अगंबाई, अळुवडीच की!" असं ही म्हणाली. आत डुक्कर आहे हे कळताच तिने शब्द मागे घेतले.

मंचावर आधी युकुलेले झालं. १८७९ साली मदेराहून ऊसमळ्यांत आलेल्या पोर्तुगीजांच्या छोट्या गिटारीचा हा हवाईयन अवतार. नावाचा अर्थ म्हणे 'उड्या मारणारी पिसू'! मग एक आजोबा मांडीवर गिटार आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी सरकवू लागले, आणि मी गिरगावच्या चाळीत पोचलो. आमचा दादा अशीच हवाईयन गिटार वाजवायचा. अण्णा म्हणायचे, "तारांना इस्त्री करून झाली असेल तर दळण आण."

त्या दादाशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. कारण, कोकणातल्या घरामागचं परडं. त्यात उगवतं काय, तर अळू.

पोई वाढणाऱ्या बाई सांगत होत्या, "आकाशपित्याचं एक मूल मेलेलं जन्मलं. पुरलं तिथे अळू उगवलं. त्याच्या पाठचा तो माणूस. म्हणून अळू आमचा थोरला भाऊ. धाकट्याने त्याची निगा राखायची, थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचं. आणि पोईचं भांडं उघडं असेतो भांडायचं नाही."

मी वाटीकडे पाहिलं. उघडीच होती.

इथे दुपारचा एक, तिकडे पहाटेचे साडेचार. फोन लावला.

"कोण गेलं?" दादा दचकून म्हणाला.

"कोणी नाही रे. परड्यातलं अळू कसं आहे?"

बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला, "माजलंय. एकट्याला संपत नाही."

माशा बसतील म्हणून ही वाटी झाकायला निघाली होती. मी म्हटलं, "राहू दे उघडी."