गाडी महाराष्ट्रात येते

बेळगावहून कोल्हापूरला मी आजवर दोन गोष्टी आणल्या. पहिली आमची सौ., दुसरी तिच्या वडिलांची गाडी. पहिली आणताना भटजी, बँडवाले आणि एक ट्रॅव्हल्सची बस एवढ्यावर भागलं. कोगनोळीच्या नाक्यावर कुणी आम्हांला अडवलं नाही, की 'ना-हरकत प्रमाणपत्र आहे का?' असं विचारलं नाही. ते साल २००४. त्याच साली महाराष्ट्र सरकारनं सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. दोन्ही प्रकरणं अजून चालू आहेत.

दुसरी वस्तू आणताना मात्र अस्मादिकांच्या बी.कॉम.चा कस लागला.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, बेळगावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा ते सहावीत होते. त्या दिवसापासून 'बेळगाव महाराष्ट्रात केव्हा जाणार?' हे गणित ते सोडवीत बसले आहेत. महाजन आयोग आला, त्याचा १९६७ सालचा अहवाल आला, २०१४ साली गावाचं नावसुद्धा बदललं, पण उत्तर जुळेना. २०१८ साली सासूबाईंना वरचेवर दवाखान्यात न्यावं लागायचं म्हणून त्यांनी एक छोटी पेट्रोल गाडी घेतली. तिच्या पाटीवर 'केए २२' ही अक्षरं पाहून अण्णांना पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही म्हणतात. दरवर्षी १ नोव्हेंबरला ते गाडी शेडबाहेर काढत नसत.

२०२२ साली सासूबाई गेल्या. पुढं अण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि गाडी चालवणं बंद झालं. एकदा फोनवर म्हणाले,

"जावईबापू, गाडी तुम्ही घेऊन जावा की. इथं शेडमध्ये मांजरं वितात तिच्याखाली."

मी लगेच कागद-पेन्सिल घेतली. बँकेतल्या माणसाला भावना झाली, की तो आधी हिशेब मांडतो. गाडीचं मूळ बिल पाच लाख वीस हजारांचं. त्यात अठ्ठावीस टक्के जीएसटी, वर एक टक्का उपकर. हे केंद्राचं आणि राज्याचं मिळून झालं. त्यावर कर्नाटकाचा आजीवन रस्ताकर चौदा टक्के, म्हणजे बहात्तर हजार आठशे. अण्णांनी तो एकरकमी भरला होता. मी म्हटलं, झालं! कर भरलेली गाडी, फुकट मिळतेय, आणखी काय पाहिजे?

वाचकहो, इथंच माझं वाणिज्य कच्चं निघालं. 'आजीवन' म्हणजे गाडीचं आयुष्य खरं, पण ते कर्नाटकातलं. गाडी महाराष्ट्रात नांदायला आली की तिचा इथं पुनर्जन्म होतो, आणि जन्माला आल्याबरोबर कर भरायचा असतो. मोटार वाहन कायद्याचं सत्तेचाळिसावं कलम सांगतं, की परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्या राज्यात ठेवली तर तिला इथला नंबर घ्यावा लागतो. मूळ बिलाची किंमत आणि गाडीचं वय पाहून महाराष्ट्राचा कर ठरतो. नवी गाडी इथं घेतली असती तर अकरा टक्के लागला असता, वयामुळं थोडी सूट मिळते एवढंच. बायको वीस वर्षांची झाल्यावर सासरचा पाहुणचार कमी होतो, तसं काहीसं.

कॉलेजात आम्ही केंद्रीय विक्रीकर कायदा घोकला होता. तोही १९५६ सालचाच. म्हणजे ज्या वर्षी राज्यांच्या सीमा आखल्या, त्याच वर्षी सीमा ओलांडणाऱ्या मालावर कर कसा बसवायचा तेही ठरवलं. आधी कुंपण, लगेच फाटकाची फी. पुढं १९८७ साली महाराष्ट्रानं बाहेरून येणाऱ्या मोटारींवर प्रवेशकर बसवला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तो प्रवेशकर गेला, आणि 'एक देश, एक कर' म्हणून आम्ही बँकेत पेढे वाटले. रस्ताकर मात्र राज्यांनी आपल्या खिशातच ठेवला. पेढे वाटण्याआधी हे वाचायला हवं होतं.

मी सगळी बेरीज करून सौ.पुढं ठेवली. कर, फी, विमा, नवी पाटी, चार रजा, बेळगावच्या खेपा. म्हटलं, "एवढा व्याप करण्यापेक्षा गाडी तिथंच विकू, आणि इथं दुसरी बघू. हिशेबानं तेच बरं."

"हिशेबात मागच्या सीटवरचं आईनं विणलेलं कव्हर धरलंत का?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. त्या रकान्याला आमच्या अभ्यासक्रमात शीर्षक नव्हतं.

मग फॉर्मांचं पर्व सुरू झालं. ना-हरकतीसाठी फॉर्म अठ्ठावीस, मालकी बदलायला एकोणतीस आणि तीस, नव्या नंबरासाठी सत्तावीस. अठ्ठाविसाव्या फॉर्मवर चासी नंबरचा ठसा लागतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसाच. मी रस्त्याच्या कडेला बॉनेटमध्ये डोकं घालून सतरा अक्षरं घासत होतो आणि अण्णा शेजारी उभे राहून "समान दाब द्या, समान दाब द्या" म्हणत होते. मूळ बिल कुठं असेल ही मला धास्ती होती. अण्णांनी ट्रंकेतून फाइल काढली. तिच्यात गाडीचं बिल होतंच, शिवाय १९७४ सालच्या सायकलचंही होतं.

सगळं जुळलं आणि खिडकीवर घोडं अडलं. पलीकडच्या कारकुनानं अण्णांची सही पाहिली, जुनी सही पाहिली, आणि अगदी नम्रपणे म्हणाला,

"सही जुळत नाही, सर."

वाचकहो, हे वाक्य माझं आहे! गेली वीस वर्षं मी ते खिडकीच्या आतून म्हणत आलोय. बाहेरून ते कसं ऐकू येतं ते त्या दिवशी कळलं. अण्णांचा हात आता थरथरतो. त्यांनी कोऱ्या कागदावर तीन सह्या करून दाखवल्या, तिन्ही तीन माणसांच्या वाटाव्यात. पस्तीस वर्षं फळ्यावर कंपासाशिवाय गोल वर्तुळ काढणारा माणूस आपल्याच नावापुढं ओशाळून उभा राहिला. कारकून उठला, आपलं स्टूल बाहेर आणलं, अण्णांना बसवलं. ओळखपत्र पाहिलं, प्रतिज्ञापत्र कसं करायचं ते सांगितलं, आणि समोर बसवून नवी सही घेतली. नियम कुठं मोडला नाही, माणूसही मोडला नाही. मला मागच्याच महिन्यात परत पाठवलेल्या एक पेन्शनर आजी आठवल्या. तेव्हापासून मी काउंटरच्या बाहेर एक स्टूल ठेवलंय. मॅनेजर त्यावर फायली ठेवतात, ती गोष्ट वेगळी.

परत येताना अण्णांना म्हटलं, "कर्नाटकाच्या करातला उरलेला भाग परत मागता येतो बरं का. इकडं नंबर झाला की अर्ज करू."

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडून परत मागायचं ते वेगळंच आहे की."

यथावकाश कोल्हापुरात तपासणी झाली, कर भरला, माझ्या पासबुकाला खिंडार पडलं आणि गाडीला 'एमएच ०९' मिळालं. पहिल्याच रविवारी गाडी घेऊन आम्ही बेळगावला गेलो. अण्णा फाटकापर्यंत आले. दिसत फारसं नव्हतंच. ते वाकले आणि पाटीवरच्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागले. 'एम' झाला, 'एच' झाला, बोट तिथंच थांबलं.

"आमच्या घरातलं कुणीतरी गेलं की महाराष्ट्रात," अण्णा म्हणाले.

"आणि मी?" सौ. म्हणाली. "मी वीस वर्षांपूर्वी गेले ते?"

"तू कुठली जातीस? बोलतेस अजून बेळगावचंच!"

सौ.नं संधी साधली. दोन वर्षं ती त्यांच्या मागं लागली होती. "अण्णा, आता तुम्हीपण चला. एकटे किती दिवस राहणार इथं?"

दर वेळी ते 'बघू' म्हणून विषय बदलत. या वेळी काही बोलले नाहीत. मागचं दार उघडलं, सीटवरच्या कव्हरावर हात ठेवून थोडा वेळ बसले. मग मला विचारलं,

"ते कलम काय म्हणालात तुम्ही? किती महिने राहिलं की नंबर बदलावा लागतो?"

"बाराच्या वर राहिलं की."

गणिताच्या मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले.

"मग मी अकरा महिने येतो," अण्णा म्हणाले. "माझा नंबर बेळगावचाच ठेवायचा आहे."