पांगाऱ्याचे ओंडके आणि सीग्लाइड

शनिवारी रात्री पावणेदोनला मी पाण्याखाली दीडशे मीटरवर होतो. हातात बंद पडलेलं सीग्लाइड, टाकीत जेमतेम चाळीस सेकंदांची हवा. खोलीत पंखा गरगरत होता, शेजारी चहा निवत होता, आणि तरी माउसवरचा हात घामाने ओला! मी तोंडातल्या तोंडात "वर, वर, वर" म्हणत होतो बहुतेक, कारण रूममेटने दार ढकलून विचारलं, "काय रे, प्रॉडक्शन पडलं का?"

"नाही रे, बॅटरी संपली."

"मग चार्जर लाव ना!"

दार बंद. पृष्ठभाग वीसेक मीटर उरला असताना पडदा काळा झाला. बेसवरून निघाल्यापासून गोळा केलेलं सामान बुडालं ते वेगळंच. असो.

तर या खेळाचं नाव सबनॉटिका. अननोन वर्ल्ड्स नावाच्या कंपनीने काढलेला. अपुऱ्या अवस्थेत तो २०१४ च्या डिसेंबरपासून मिळत होता, पूर्ण होऊन आला जानेवारी २०१८ मध्ये. मी घेतला बऱ्याच उशिरा, सेलमध्ये, एका बिर्याणीच्या पैशांत. तुमचं अवकाशयान एका परक्या ग्रहावर कोसळतं. त्या ग्रहावर जवळजवळ सगळा समुद्रच. तुम्ही एका छोट्या लाइफपॉडमध्ये तरंगताय. अन्न, पाणी, निवारा, सगळं त्या समुद्रातूनच मिळवायचं.

आणि हातात बंदूक नाही. खेळाचा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड याने तसं मुद्दाम ठरवलं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर त्याला जगात आणखी एक बंदूक, अगदी खोटीसुद्धा, वाढवायची नव्हती. त्यामुळे झालंय काय, की या खेळात तुम्ही बलवान होत नाही. चाकू मिळतो, पण पंचावन्न मीटर लांबीच्या रीपर लेव्हायथनसमोर चाकू म्हणजे अप्रेझल मीटिंगमध्ये 'टीम प्लेयर'चं सर्टिफिकेट. तुम्ही फक्त एकाच गोष्टीत सुधारू शकता. लांब जाण्यात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळेत परत येण्यात.

मला हा खेळ का झोंबला ते सांगायला आधी मालवणला जावं लागेल.

ऑफिसची ट्रिप होती. बारा जण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडी थांबली, सगळ्यांनी सूट चढवले आणि एकेक करून पाण्यात. तिथल्या स्कूबासाठी पोहता यावं लागत नाही, एक माणूस तुम्हाला धरूनच असतो. हे मला चारचार जणांनी समजावलं. मी म्हटलं, सायनस आहे. सायनस वगैरे काही नाही मला! मग दीड तास मी होडीत बसून अकरा जणांचे मोबाइल, अकरा चष्मे-घड्याळं आणि चपला सांभाळल्या. वर आलेला प्रत्येक जण माशांबद्दल बोलत होता. होडीवाल्याने मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "भीती वाटते काय?" त्याला कळलं होतं.

भीतीचं मूळ सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत आहे. मी नऊ वर्षांचा होतो, मे महिन्याची सुट्टी. आमच्याकडे पोरांना पोहायला शिकवायची जुनी रीत म्हणजे पांगाऱ्याचे वाळलेले ओंडके. पांगाऱ्याचं लाकूड इतकं हलकं की पाण्यात बुडवू म्हटलं तरी बुडत नाही. ते तुकडे दोरीत ओवायचे आणि पोराच्या पाठीवर बांधायचे. कुणी वाळका भोपळा बांधतं, कुणी तेलाचा रिकामा डबा. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ओंडक्यांचे. पहिल्या दिवशी सात. मग रोज एक कमी.

रोज एक कमी! या पद्धतीतली खरी मेख ती. पोराला कळायच्या आत पोर पोहायला लागलेलं असतं. माझी चुलत बहीण त्याच सुट्टीत आठव्या दिवशी मोकळ्या पाठीने विहिरीला चक्कर मारून आली. मी पाचव्या दिवशी, पाठीवर तीन ओंडके असताना, पायरीवरून सुटलो, घाबरून उभा व्हायला गेलो आणि खाली गेलो. किती खाली, किती वेळ, माहीत नाही. नाकातून पाणी मेंदूत जातंय असं वाटलं, आणि वर हिरवा गोल उजेड दिसत होता तेवढं आठवतं. तात्यांनी दंडाला धरून वर ओढलं. "घाबरतुयास कशाला लेका, तीन हायत की अजून!" म्हणाले. मी मात्र त्या दिवसानंतर विहिरीकडे गेलो नाही. तात्यांनी दोनदा बोलावलं, मग सोडून दिलं.

सबनॉटिकात पाण्याखालून वर पाहिलं की तोच उजेड दिसतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खेळ बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. खोटं कशाला सांगू.

सुरुवातीला तुमच्याकडे ४५ सेकंदांची हवा असते. साधी टाकी लावली की ७५. वेग म्हणाल तर शॉर्ट्स घालून सोसायटीच्या टँकमध्ये उतरलेल्या माणसाचा. मग एक दिवस तुम्ही क्रीपव्हाइनच्या जंगलात जाता. समुद्रतळापासून वरपर्यंत उंच गेलेल्या वेली, मध्ये पिवळे चमकणारे बियांचे घोस. एक घोस आणला की फॅब्रिकेटरमधून सिलिकॉन रबरचे दोन तुकडे निघतात, आणि त्या दोन तुकड्यांचे फिन्स. बदकाच्या पायांसारखे ते रबरी पंजे. बस्स, एवढंच. पण पायात घातल्यावर पहिल्यांदा कळतं की मघाशी ज्या स्टॉकरपासून आपण जीव मुठीत धरून पळत होतो, त्याच्या बाजूने आता थोडं ऐटीत जाता येतं. जग तेवढंच, पण परतीचा रस्ता दोन-चार सेकंदांनी जवळ आला. पंचेचाळीस सेकंदांच्या आयुष्यात दोन-चार सेकंद म्हणजे काय ते रिलीजच्या रात्री काम केलेल्यांना सांगायला नको.

मग सीग्लाइड. ते आयतं मिळत नाही. आधी स्कॅनर बनवा, मग त्याचे मोडके तुकडे शोधून दोन तरी स्कॅन करा, तेव्हा कुठे आराखडा हाती येतो. सामान अगदी घरगुती आहे. एक बॅटरी, तांब्याच्या तारेचं एक बंडल, थोडं टायटॅनियम आणि वंगण. वंगण पुन्हा त्याच क्रीपव्हाइनच्या बियांचं, आणि बॅटरी ॲसिड मशरूम आणि तांब्याची. म्हणजे ज्या जंगलात जायला भीती वाटत होती तिथूनच भीती कमी करायचं सामान आणायचं. हे यंत्र दोन्ही हातांत धरायचं आणि ते तुम्हाला ओढत नेतं. पुढे दिवा, वर आजूबाजूच्या तळाचा छोटासा नकाशा. पहिल्या दिवशी मी कुठेही न जाता नुसता अर्धा तास फिरत होतो. पाण्यात मला असं कधी वाटलं नव्हतं... मजा! पाण्यात, आणि मजा!

पण हा खेळ फुकट काही देत नाही, आणि इथे तो मला फार आवडतो. मोठी टाकी लावा, हवा वाढते, पण टाकीचं ओझं होतं आणि पोहणं जरा मंदावतं. मोडिफिकेशन स्टेशनवर त्याच टाकीची हलकी आवृत्ती करता येते, नाहीतर आणखी मोठी. हवा हवी की वेग, तुम्ही ठरवा. शंभर मीटरच्या खाली रीब्रीदर नसेल तर हवा भराभर संपते. फिन्सचंही तेच. लिथियम, टायटॅनियम आणि आणखी थोडं रबर घातलं की त्याच जुन्या फिन्सचे अल्ट्रा ग्लाइड फिन्स होतात, खूप वेगवान. दुसरा एक प्रकार स्विम चार्ज फिन्सचा, तुम्ही पोहताना हातातल्या हत्याराची बॅटरी भरत राहतात. दोन्ही हवेत? पाय दोनच आहेत, महाराज. एकच जोडी घालता येते. मी आठवडाभर विचार करून अल्ट्रा ग्लाइड घेतले. परतीचा वेग, दुसरं काय. तरी त्यांचा आराखडा बुडालेल्या यानाच्या एका तुकड्याच्या पोटात मिळाला तेव्हा बाहेर यायचं दार सापडेना. आत तिरके झालेले पॅसेज, तरंगणाऱ्या पेट्या, आणि हवा संपत आल्याचं सांगणारा तो थंड आवाज. मिळालं ते भीती कमी करायचं साधन, पण मिळवताना भीतीची पूर्ण किंमत वसूल!

बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हेच केलं होतं. पोहायचा वेग वाढावा म्हणून चित्रकाराच्या पॅलेटसारख्या लाकडी फळ्या करून हातात धरल्या. वेग वाढला, पण मनगटं दुखून आली. पाण्यात हे होणारच. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मला काठावर पास केलं होतं, हे तेव्हा कळलं असतं तर जरा बरे मार्क पडले असते.

पुढे सीमॉथ नावाची छोटी पाणबुडी मिळते. सुरुवातीला २०० मीटरपर्यंत जाते, मॉड्यूल लावत लावत ९०० पर्यंत. ती मिळाल्यावर मात्र माझं काहीतरी बिघडलं. मी पोहणं सोडून दिलं. सगळीकडे काचेच्या गोळ्यात बसून. आणि एक दिवस कोसळलेल्या यानाच्या नाकाडाकडे गेलो असता तो रीपर आला, आधी डरकाळी, मग चार नांग्या. सीमॉथ त्याने तोंडात धरली आणि खेळण्यासारखी हलवली. मी बाहेर पडलो. मागे सीमॉथ फुटली. पायात फिन्स, हातात काही नाही, सीग्लाइड बेसवर कपाटात. आणि मी पोहलो. पोहलो म्हणजे डब्ल्यूचं बटण दाबून धरलं, पण मनात मी पोहत होतो. पोचलोही.

त्या रात्री झोप लागली नाही. पहिल्यांदा तात्यांची रीत आठवली. खेळ माझ्या अंगावर एकेक वस्तू चढवत होता, तात्या एकेक उतरवत होते. मी खेळात रमलो कारण तिथे ओंडके वाढत जातात. सीमॉथ म्हणजे सत्तर ओंडके. त्यात एअर ब्लॅडर नावाची एक वस्तू आहे, ब्लॅडरफिश आणि रबरची, फुगवली की ती तुम्हाला सरळ वर नेते. शुद्ध भोपळा! मी ती कायम जवळ बाळगायचो आणि मालवणच्या होडीत चपला सांभाळायचो.

मग मी पोहायच्या क्लासला नाव घातलं. वय २८, बॅचमध्ये बाकी सगळे आठ ते बारा वर्षांचे. आणि स्वभावाला औषध नाही, क्लासच्या आधीच ऑनलाइन फिन्स मागवून ठेवले होते. निळे. कोचनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सर, हे गाडीत ठेवून या." मी नाहीत ठेवले. पहिला आठवडा हट्टाने घालून पोहलो. काठाला धरून, मग फळी धरून. वेग झकास. आठ वर्षांची एक मुलगी "काका फास्ट आहेत" असंही म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात कोचनी फिन्स काढायला लावले, आणि मी जिथल्या तिथे. पाय मारतोय, पाणी उडतंय, फळी जागची हलत नाही. फिन्सने माझं वाईट लाथ मारणं झाकलं होतं. लाथ गुडघ्यातून नाही, कमरेतून मारायची असते, हे मला तिथे कळलं. सबनॉटिकातला हिरो पहिल्या मिनिटापासून उत्तम पोहतो. त्याची हीच एक गोष्ट मला पटत नाही.

फळी गेली तो दिवस गेल्या रविवारचा. उथळ भागातच, पाय टेकतील इतक्या पाण्यात. कोच दोन हातांवर उभे होते. मी तोंड पाण्यात घातलं, आणि कानात ते पाण्याचं गच्च शांतपण भरलं, हेडफोनमधलं नाही, खरं. खाली निळ्या फरशा. दहा-बारा हात मारले असतील. मग घाबरलो, उभा राहिलो, खोकलो. पण उभा राहिलो तेव्हा कोच मागे होते. त्यांना ओलांडून गेलो होतो मी.

घरी येऊन तात्यांना फोन केला. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडूनच सांगावं लागलं की पोहायला शिकतोय. बराच वेळ पलीकडे काही नाही. मला वाटलं कळलंच नाही.

"ओंडकं किती ऱ्हायल्यात?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही, तात्या! पण पाय टेकतात अजून."

"मग ये की मेमध्ये. हीर हाय हितंच."