खांब काढलेलं घर

प्राग, मंगळवार

ती. अण्णांस,


सुखरूप पोहोचले. लाद्वी मेट्रो स्टेशनवरून हेरोव्स्की संस्था पायी जाण्याजोगी आहे. ‘झिओलाइट करायला इतक्या लांब कशाला?’ असं तुम्ही निघताना विचारलंत, तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, ते आता सांगते.

एरवी आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये जेल तापवतो आणि जो स्फटिक तयार होईल तो पदरात घेतो. झिओलाइट म्हणजे बारीक छिद्रांचा स्फटिक; पण छिद्र केवढं हवं, हे ठरवणं फारसं आपल्या हाती नसतं. प्रागच्या यिरी चेइका यांच्या गटाने स्कॉटलंडच्या रसेल मॉरिस यांच्या साथीने वेगळी वाट काढली. त्यांचा यूटीएल नावाचा झिओलाइट म्हणजे मजल्यांचं घर समजा. मजले सिलिकाचे, मधले खांब मुख्यतः जर्मेनियमचे. जर्मेनियमचे बंध पाण्यापुढे टिकत नाहीत. हे वैगुण्यच त्यांनी हत्यार म्हणून वापरलं. पातळ आम्लात खांब विरघळतात, मजले शाबूत राहतात.

काल ते स्वतः केलं. गाळणीवर उरलेली पांढरी पूड आधीच्या पुडीसारखीच दिसत होती. क्ष-किरणांच्या आलेखात मात्र पहिलं शिखर उजवीकडे सरकलेलं! म्हणजे मजल्यांच्या थरांमधलं अंतर सुमारे १४.५ अँगस्ट्रॉमवरून १०.५ वर आलं होतं. मी किती वेळ त्या पडद्याकडे बघत उभी होते, ते कळलं नाही.

आता पुढचं आपल्या हातात. थर नुसते नीट लावून भाजले, तर ते थेट जुळतात आणि छिद्रांच्या तोंडाशी १० आणि ८ अणूंची कडी येते. मध्ये थोडं सिलिकॉन घातलं, तर अर्ध्या उंचीचे खांब उभे राहतात आणि कडी १२ आणि १० ची होते. मूळ घरात ती १४ आणि १२ ची होती.

सेंट अँड्र्यूज, रविवार

अण्णा, ल्यूकर्सला गाडीतून उतरून बसने इथे, मॉरिस यांच्या प्रयोगशाळेत, आले. समुद्राचा वारा बोचरा आहे, मफलर उपयोगी पडतोय. इथे नुसतं आम्लाचं प्रमाण बदलून सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान छिद्रांच्या मधल्या मापांची छिद्रंही मिळवतात. सुंदर काम आहे. पण मला एक गोष्ट खटकते: निव्वळ सिलिकाच्या घरात उत्प्रेरक म्हणून लागणाऱ्या आम्लधर्मी जागा नसतात, त्यासाठी ॲल्युमिनियम बसवावं लागतं. शिवाय जर्मेनियम महाग. धुवून निघालेलं जर्मेनियम परत मिळवल्याशिवाय हे कारखान्यात परवडणार नाही, असं माझं मत. पुण्याला आल्यावर मी त्याच्याच मागे लागणार आहे.

वाघोलीच्या खाणीतून तुम्ही आणलेलं स्टिल्बाइट आठवतं? १७५६ मध्ये क्रोन्स्टेटने तापवलेला दगड स्टिल्बाइटच असावा, असं बराच काळ मानलं जाई. त्यातून वाफ उसळली म्हणून ‘उकळता दगड’, झिओलाइट, हे नाव पडलं. स्टिल्बाइटही यूटीएलसारखं पापुद्र्यांनी सुटतं. कपाटातला एक लहान तुकडा कापसात गुंडाळून पाठवा. इथल्या मुलांना दाखवायचा आहे.

तुमची,
सुमा