दिवा लागला, पण चाक?

फोर बाय फोर म्हणजे वर्षातून दोन-तीन महिने चालणारा कोड. बाकीचं वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि पाऊस लागला की तोच नेमका प्रॉडक्शनमध्ये लागतो.

वसईत पिकअपला फोर बाय फोर कशाला, असं हापिसातले लोक विचारतात. त्यांना वसई-विरार म्हणजे लोकलची गर्दी आणि स्टेशनबाहेरच्या इमारती. पण पश्चिमेला निर्मळ-भुईगावकडे गेलात तर अजून वाड्या आहेत. केळी, नारळ, सोनचाफा. मामाची वाडी तिकडेच. डांबरी रस्ता सुटल्यावर शेवटची वाट कच्ची, दोन्हीकडे सखल खाचरं, पावसात नुसता रबडा. चाफा पहाटे तोडायचा आणि सकाळीच दादरच्या फूलबाजारात पोचवायचा. दुपारनंतर त्याच फुलाला कोणी विचारत नाही.

तर झालं असं, की जुलैत एका पहाटे मामाने नॉब ४एचवर फिरवला. डॅशबोर्डवर दिवा लागला. मागची चाकं गरगर फिरली, पुढची ढिम्म! गॅरेजवाला म्हणाला, ट्रान्स्फर केसची चेन गेली, पेटी उतरवावी लागेल, तीसेक हजार आणि आठ दिवस. मामा मला फोनवर म्हणाला, "पैशांचं बघू रे, पण चाफा काय आठ दिवस झाडावर थांबतो?"

मी मिस्त्री नाही, जावा लिहितो. पण डीबगिंग ते डीबगिंग. शनिवारी आधी मॅन्युअल उघडलं आणि कागदावर साखळी काढली. नॉब फिरवला की कंट्रोल युनिट ट्रान्स्फर केसवरच्या मोटरला सांगतं, मोटर पुढचा प्रॉपेलर शाफ्ट मागच्याशी जोडते. इथे काम अर्धंच झालं. पुढच्या चाकांचे हबही लॉक व्हावे लागतात, आणि या गाडीत ते व्हॅक्यूमवर होतात. इंजिनचा पंप हवा खेचतो, सोलेनॉइड ती वाट उघडतो, रबरी नळ्यांमधून ओढ हबपर्यंत जाते. दिव्याचा सेन्सर मात्र ट्रान्स्फर केसवर बसवलेला. म्हणजे दिवा सांगतो ते अर्ध्या वाटेपर्यंतचंच. फंक्शन कॉल झालं एवढं लॉगमध्ये आलं, काम झालं की नाही हे कोण सांगणार?

मग चाकालाच विचारायचं. गाडी सपाट, घट्ट जागेवर. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, नॉब ४एचवर. पुढचं एक चाक जॅकवर उचलायचं आणि हाताने फिरवून बघायचं. (गाडीखाली कोणीही जायचं नाही. बाजूने टॉर्च मारला तरी दिसतं.) सगळं जोडलेलं असेल तर चाक हलत नाही. चाक फिरलं आणि प्रॉपेलर शाफ्टही फिरला, तर ट्रान्स्फर केस जोडलेली नाही. चाक फिरलं पण त्याचा अ‍ॅक्सलसुद्धा जागचा हलला नाही, तर हब सुटा आहे.

आमचं चाक मोकळं फिरलं, अ‍ॅक्सल जागच्या जागी. दुसऱ्या बाजूलाही तेच. बिचाऱ्या चेनचा यात काही संबंधच नव्हता.

आता व्हॅक्यूम. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरलाही हाच पंप व्हॅक्यूम पुरवतो. मामाचा ब्रेक लोण्यासारखा लागत होता, म्हणजे पंप ठीक. सोलेनॉइडच्या तोंडाशी बोट धरलं, ओढ होती. हबकडच्या टोकाला धरलं, काहीच नाही. मधली नळी हाताने चाचपत गेलो, तर क्लिपच्या आत बारीक चीर. बोटाने वाकवली तरच दिसायची. वर्षभर न वापरलेलं रबर, वरून चिखल आणि आमची खारी हवा. मीटरवर मिळणारी नळी आणि दोन क्लिपा, चारशे रुपयांच्या आत काम. रविवारी पहाटे मामाने गाडी वाडीतून बाहेर काढली तेव्हा पुढची चाकं चिखल उडवत होती :)

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा फ्यूज, मोटरचा कनेक्टर (हिरवट बुरशी चढली आहे का बघा) आणि बॅटरी, या क्रमाने जा. स्वस्त आणि हाताशी असलेलं आधी, पेटी उघडणं सर्वात शेवटी.

महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जुन्या जीपमध्ये लिव्हर ओढायचा, आणि पुढे लॉकिंग हब आले तेव्हा खाली उतरून तेही हाताने फिरवायचे. कटकट होती, पण लॉक झालं की नाही ते फिरवणाऱ्या हाताला कळायचं. आता मधे चार थर आले. सोय झाली हे खरंच, पण कुठला थर झोपलाय हे शोधायचं काम वाढलं.

असो. मामाच्या कॅलेंडरवर आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी '४x४' लिहिलंय. त्या दिवशी मातीच्या वाटेवर शंभरेक मीटर गाडी ४एचमध्ये चालवायची. डांबरावर नाही. अशा गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे वळणावर दोन्हींचा वेग जुळत नाही, स्टिअरिंग जड होतं आणि पिळा पेटीवर येतो.

आणि एक. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, ते आठवत असेलच. फोर बाय फोर चिखलात पकड देतं, पाण्याची खोली कमी करत नाही. पाण्यातून गाडी काढावी लागलीच, तर नंतर अ‍ॅक्सलचं ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, लगेच बदला. ते सांगायला डॅशबोर्डवर कुठलाच दिवा नाही.